कायझर्सलाउटर्नमध्ये मरियमची वाट पाहताना

कराडला परत येऊन महिना झाला. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, जर्मनीत काय काय पाहिलंत? राजवाडे, चर्चचे मनोरे, नदीतली बोट असं काहीतरी ऐकायची त्यांची तयारी असते. मी त्यांना धुक्याचं सांगते, जंगलाचं सांगते आणि मग थांबते. त्या तीन महिन्यांत मी खरं म्हणजे एका मुलीची वाट पाहत होते, आणि ती मुलगी माझी कुणी नव्हती. हे चहा संपेपर्यंत सांगून होण्यासारखं नाही, म्हणून लिहून काढते आहे.

मी बत्तीस वर्षं पाटण तालुक्यात सरकारी दवाखान्यात नर्स होते. बाळंतपणं केली, लसी टोचल्या, डोंगरातल्या वाड्यांवर पायी हिंडले. माझी मुलगी राजश्री पीएचडीसाठी कायझर्सलाउटर्नला गेली आणि तिथलीच झाली. जावई टोबियास तिथलेच. ते मला "अहो आई, बसा" असं इतकं जपून म्हणतात की उभं राहायचं असलं तरी मी बसते. नात ईरा सहा वर्षांची, यंदाच पहिलीत गेली. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. नव्वद दिवसांच्या व्हिसावर मी सप्टेंबरच्या शेवटी तिथे पोचले. ईराला शाळेत सोडायचं आणि आणायचं, एवढंच काम माझ्याकडे होतं.

शाळेचा रस्ता

त्या गावात ऑक्टोबरची सकाळ एकदम होत नाही. आधी खिडकीबाहेर नुसतं पांढरं असतं. मग त्यातून समोरच्या घराचं छप्पर येतं, मग झाड, मग झाडाखाली कुत्र्याला घेऊन उभा असलेला एखादा माणूस. आमच्या कोयनेकडेही धुकं उतरतं, पण त्याला पाण्याचा वास असतो. इथल्या धुक्याला ओल्या पानांचा आणि दूर कुठेतरी पेटलेल्या लाकडाचा वास होता. ईराचा हात धरून मी त्यातून चालायचे. साडीवर टोबियासचा जुना कोट, पायात राजश्रीचे बूट. लाल दगडाच्या भिंती धुक्यात भिजून गडद व्हायच्या. दहा दिवस मला रोज वाटायचं की मी अजून झोपेतच आहे आणि कुणीतरी मला हळूच चालवत नेतं आहे.

शाळेच्या फाटकाशी आयांचा घोळका असायचा. सगळ्या हसून मान हलवायच्या, मीही हलवायचे, आणि तिथे संवाद संपायचा. एक बाई त्या घोळक्यापासून जरा बाजूला उभी असायची. पस्तिशीची असावी, डोक्यावर राखाडी रुमाल, आणि हाताशी ईराएवढीच एक मुलगी. अकराव्या दिवशी ईराच्या दप्तराचा बंद अडकला आणि मी नकळत मोठ्याने म्हणाले, "थांब गं बाई जरा, तोडशील." ती बाई दोन पावलं पुढे आली. "आप हिंदुस्तान से हैं?" तिने विचारलं.

दोन आठवड्यांत घराबाहेरच्या माणसाने मला विचारलेला आणि मला कळलेला तो पहिला प्रश्न होता.

तिचं नाव नर्गिस. काबूलजवळच्या एका गावची. लहानपणीची दहा वर्षं पेशावरमध्ये निर्वासित म्हणून काढली होती, तिथे उर्दू शिकली. पुढे गावी परतून मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. मग शाळाच बंद झाली. तिचे यजमान अन्वर विजेच्या तारा ओढायच्या कामावर होते, ते परदेशी लोकांसाठी काम करायचे म्हणून त्यांच्या जिवावर बेतलं, आणि घर सोडावं लागलं. हाताशी होती ती धाकटी मुलगी हुस्ना. ती आणि ईरा एकाच बाकावर बसायच्या, हे आम्हा दोघींना तेव्हाच कळलं. त्या दिवसापासून आम्ही मुलींना आत सोडून अर्धा तास एकत्र चालायला लागलो. ती मला खालाजान म्हणू लागली. खाला म्हणजे मावशी. आमचं सगळं बोलणं हिंदी-उर्दूत व्हायचं, इथे मी ते मराठीत लिहिते आहे.

जंगलाच्या कडेला

कायझर्सलाउटर्नच्या दक्षिणेला गाव संपतं आणि लगेच जंगल सुरू होतं. मध्ये शेत नाही, माळ नाही. राजश्री तिथे दर रविवारी जाते, जशी कराडला माणसं संगमावर फिरायला जातात. ऑक्टोबरात या जंगलात चेस्टनट पडतात. काटेरी हिरवा गोळा उकलतो आणि आत तपकिरी, पॉलिश केल्यासारखी दोन-तीन फळं निघतात. म्हातारी माणसं टोपल्या घेऊन ती वेचतात. झाडं इतकी उंच की ऊन खाली पोचेस्तोवर मधासारखं पातळ होतं. पायाखाली पानांचा जाड थर, त्यामुळे आपलीच पावलं आपल्याला ऐकू येत नाहीत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तास दीड तास कुणाशी काही बोलले नाही.

पुढच्या रविवारी मी नर्गिस आणि हुस्नालाही बोलावलं. दोघी आल्या. गाडीतळापर्यंत हसत-बोलत आल्या. तिथून जंगलाची वाट सुरू होते, त्या पहिल्या झाडापाशी नर्गिस थांबली. म्हणाली, तुम्ही जाऊन या, मी इथे बाकावर बसते. हुस्नानेही आईचा कोट धरला आणि सोडला नाही. मला वाटलं दमली असेल. आम्ही वाटी-दोन वाट्या नव्हे, चांगली पिशवीभर फळं वेचून तासाने परत आलो, तेव्हा दोघी तशाच बसल्या होत्या, जंगलाकडे तोंड करून. पाठ करून बसायचं त्यांना सुचलं नसावं, किंवा धीर झाला नसावा.

घरी आल्यावर माझ्या हातून एक घोळ झाला. चेस्टनट भाजण्याआधी त्याला सुरीने चीर द्यावी लागते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी आपल्या शेंगा भाजाव्यात तसे ते ट्रेमध्ये पसरून ओव्हनमध्ये ढकलले. राजश्री वरच्या मजल्यावर होती. मुली टेबलाशी चित्रं काढत होत्या, नर्गिस त्यांच्याजवळ खुर्चीवर बसली होती. दहा मिनिटांनी ओव्हनमध्ये मोठा आवाज झाला, पाठोपाठ दुसरा, मग तिसरा.

मी दचकून ओव्हन बंद केला आणि वळले तर नर्गिस खुर्चीवर नव्हती. ती टेबलाखाली होती. हुस्नाला पोटाशी धरून, तिच्यावर पूर्ण वाकून. ईराला तो खेळ वाटला, तीही आत शिरली. मी खाली बसले आणि नर्गिसच्या पाठीवर हात ठेवला.  मी तिला ट्रे दाखवला, फुटलेली पिवळी फळं दाखवली. ती त्यांच्याकडे बघून हसायला लागली. मग ते हसणं राहिलं नाही.

मुलींना टोबियास बाहेर घेऊन गेले आणि नर्गिसने मला तेव्हा सांगितलं.

ती चौघं होती. ती, अन्वर, हुस्ना आणि थोरली मरियम. इराण, तुर्कस्तान, पुढे अनेक देश, कधी ट्रकमध्ये, कधी पायी. एका नदीत कागदपत्रांची पिशवी वाहून गेली. बोस्नियाच्या पलीकडे सीमेवर जंगल होतं. अकरा दिवस ती वीसेक माणसांबरोबर त्यातून चालत होती. दिवसा पानांखाली पडून राहायचं, अंधार पडला की निघायचं. बाराव्या दिवशी पहाटे धुकं होतं. अचानक ओरडणं झालं, कुत्रे भुंकले, फटाके फुटल्यासारखे आवाज आले. सगळी माणसं पळाली. नर्गिसने हुस्नाला उचललं आणि डावीकडे धावली. अन्वर मरियमचा हात धरून उजवीकडे. एका पडलेल्या झाडाच्या पोकळीत ती हुस्नाच्या तोंडावर हात ठेवून संध्याकाळपर्यंत बसली. बाहेर आली तेव्हा कुणीच नव्हतं. तिने नाव घेऊन हाक मारली नाही, कारण हाक मारायची भीती वाटत होती. "खालाजान," ती म्हणाली, "मी एकदा तरी हाक मारायला हवी होती."

पुढे दुसऱ्या एका कुटुंबाने तिला बरोबर घेतलं आणि ती जर्मनीत पोचली. अन्वर आणि मरियम पकडले गेले आणि परत बोस्नियात सोडले गेले, हे तिला तीन आठवड्यांनी फोनवर कळलं. तिथल्या एका छावणीत ती दोघं तेव्हापासून होती. वीस महिने. इथे नर्गिसला आसरा मंजूर झाला होता, नवऱ्याला आणि मुलीला बोलावण्याचा अर्ज करून वर्ष उलटलं होतं. मरियम बारा वर्षांची असताना हात सुटला होता, आता ती चौदाची होत आली होती.

मला त्या दिवशी एक गोष्ट उमगली. माझी मुलगी ज्या झाडांखाली आठवड्याचा शीण घालवते, त्याच झाडांकडे ही बाई पाठ करू शकत नव्हती.

पत्र

ऑक्टोबरच्या शेवटी एका दुपारी नर्गिस पत्र घेऊन आली. तिला जर्मन बोलता यायचं बऱ्यापैकी, पण सरकारी पत्राचं जर्मन वेगळंच असतं. एकेक शब्द मालगाडीएवढा. राजश्री लवकर घरी आली होती. तिने पत्र वाचलं आणि जर्मन सवयीने म्हणाली, "आल्झो, म्हणजे बातमी चांगली आहे. फाइल हलली आहे." लग्नाचे आणि जन्माचे कागद नव्हते, म्हणून नातं तपासायला डीएनए चाचणी मागितली होती. नर्गिस आणि हुस्नाची इथे, अन्वर आणि मरियमची तिकडे. त्यासाठीचा टेर्मीन, म्हणजे ठरवून दिलेली वेळ, दहा दिवसांनंतरचा होता. काही टोचणार नाहीत, मी समजावलं, गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवतात, एवढंच.

नर्गिस चहाचा कप तसाच ठेवून उठली, काम आठवलं म्हणाली आणि गेली. राजश्रीला ते विचित्र वाटलं. मी बत्तीस वर्षं बायकांचे चेहरे वाचले होते, मला ते विचित्र नाही, वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलींना सोडल्यावर आम्ही नेहमीच्या रस्त्याने निघालो. धुकं इतकं दाट होतं की बोलणाऱ्याचा चेहरा बघावा लागत नव्हता. कदाचित म्हणूनच तिला बोलता आलं असेल.

"खालाजान, तुम्ही नर्स आहात. त्या बोळ्यातून आई कोण ते कळतंच का?"

मी म्हणाले, कळतं.

"चुकत नाही?"

"नाही."

 मग तिने सांगितलं. मरियम तिच्या पोटची नव्हती. तिच्या थोरल्या बहिणीची होती. अन्वरचं पहिलं लग्न त्या बहिणीशी झालेलं. मरियमच्या जन्मानंतर तिसऱ्या दिवशी बहीण गेली. नर्गिस तेव्हा वीस वर्षांची होती, बाळाला सांभाळायला म्हणून गेली आणि सहा महिन्यांनी अन्वरशी तिचं लग्न लावून दिलं. मरियमने डोळे उघडून आई म्हणून जे तोंड पाहिलं, ते नर्गिसचं. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. आणि जर्मनीत आल्यावर अधिकाऱ्यांसमोर नर्गिसनेही सांगितलं होतं, माझ्या दोन मुली. विचारलं होतं, दोन्ही तुमच्या? ती म्हणाली होती, हो, दोन्ही माझ्या.

"ते खोटं होतं का, खालाजान?"

 माझ्या मनात दुसरंच एक घर उभं राहिलं. पाटणच्या वरच्या अंगाला एका वाडीत बाळंतपणात एक बाई गेली होती. तिच्या बहिणीला मूल नव्हतं. तिने माझे पाय धरले, सिस्टर, आई म्हणून माझं नाव लिहा. मी लिहिलं. नोंदवहीत सरळ रेघेत, स्वच्छ अक्षरात. बावीस वर्षांनी ती मुलगी मला शोधत कराडला आली. तिला गावातून कुठूनसं कळलं होतं. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "तुम्ही लिहिलंत त्याचं मला काही नाही. पण मला सांगणारं एकही माणूस निघालं नाही." मी हे आजवर राजश्रीलाही बोलले नव्हते. त्या धुक्यात नर्गिसला सांगितलं.

मग म्हणाले, "बोळा फिरवायच्या आधी तू सांग. त्यांनी शोधून काढलं तर ते खोटं ठरेल. तू सांगितलंस तर ते तुझ्या घरचं दुःख आहे."

तिला भीती वाटत होती की मरियमला नाकारतील. वीस महिने जिची वाट पाहिली तिलाच आपण आपल्या तोंडाने परकी ठरवायची. मलाही खात्री नव्हती. नर्सला बाळंतपण कळतं, कायदा कळत नाही. राजश्रीला सांगू का, मी विचारलं. तिने हो म्हणून मान हलवायला अख्खी एक गल्ली घेतली.

रविवार दुपार

निर्वासितांना कागदपत्रांत मदत करणारं एक सल्ला केंद्र गावात होतं. राजश्रीने रजा टाकली आणि आम्ही तिघी तिथे गेलो. टेबलापलीकडे साठीच्या एक बाई होत्या, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी सगळं ऐकलं. मध्ये एकदाही भुवई उंचावली नाही. राजश्री मला हळू आवाजात मराठीत सांगत होती. बाईंचं म्हणणं असं, की मुलगी अन्वरची आहे, बापाच्या चाचणीतून ते सिद्ध होईल, आणि बाप येऊ शकला तर अल्पवयीन मुलगी त्याच्याबरोबर येऊ शकते. वाट बंद नाही, पण हमी त्या देणार नाहीत. पत्र मात्र आजच जायला हवं. त्यांनी ते समोर बसून टाइप केलं. शेवटी नर्गिसकडे बघून त्या आणखी एक गोष्ट म्हणाल्या: तिकडे चाचणीच्या वेळी मुलीला कुणीतरी काहीतरी विचारेल. तिला ते परक्या माणसाकडून कळू देऊ नका.

हे नर्गिसला पत्रापेक्षा जड गेलं. अन्वरना सांगायला लावू, ती म्हणाली. अन्वरनी फोनवर नकार दिला. म्हणाले, तिची आई तू आहेस, तूच सांग.

छावणीत रविवारी दुपारी नेट बरं चालायचं. नर्गिस आमच्याकडे आली, कारण तिच्या दोन खोल्यांत हुस्नापासून काही लपवता यायचं नाही. हुस्ना आणि ईरा वर खेळत होत्या. खिडकीतून ऊन टेबलावर पडलं होतं आणि त्यात धूळ तरंगत होती. रविवारी त्या देशात इतकी शांतता असते की शेजारच्या घरातला चमचा वाजलेला ऐकू येतो. मी बाहेर जायला उठले तर नर्गिसने हाताला धरून बसवलं.

फोनवर मरियम दिसली. मी तिला प्रथमच पाहत होते. लांबट चेहरा, भुवया जुळलेल्या, मागे निळी ताडपत्री. दोघी त्यांच्या भाषेत बोलत होत्या, मला शब्द कळत नव्हते. नर्गिसचा आवाज हळूहळू खाली जात गेला. मग ती थांबली. पलीकडे मरियम काही वेळ नुसती बघत राहिली. मला वाटलं फोन अडकला. मग ती शांतपणे चार-पाच वाक्यं बोलली. नर्गिसने तोंडावर रुमाल धरला.

ती काय म्हणाली ते मला नंतर कळलं. ती म्हणाली होती, "मला माहीत आहे. आठ वर्षांची होते तेव्हा आजीने सांगितलं."

"मग मला कधी बोलली का नाहीस?"

"तू बोलत नव्हतीस, म्हणून."

आणि मग मरियमने विचारलं होतं, आता तुला खाला म्हणायचं का? सरकारी माणसांनी विचारलं तर?  उत्तरही मरियमनेच दिलं, "मी त्यांना सांगेन की माझी एक आई वारली आणि एक जर्मनीत आहे."

कंदील

गालातून बोळा फिरवून झाला. पत्र गेलं. आता काही करण्यासारखं उरलं नाही.

नोव्हेंबरात झाडांची पानं गेली. साडेचारलाच दिवे लागू लागले. राजश्रीच्या सासूबाई गावाकडून आल्या आणि त्यांनी वाफेवर फुगवलेले मैद्याचे गोळे केले, खालून खारट खरपूस, सोबत बटाट्याचं सूप. गोड पदार्थ असावा असं वाटून मी पहिला घास गुळासारख्या अपेक्षेने घेतला आणि फसले. पण दुसरा गोळा मागून घेतला. नर्गिसने त्यांना आपल्याकडचा मनुके-गाजर घातलेला भात करून पाठवला. त्या दोघी कधी भेटल्या नाहीत, भांडी मात्र महिनाभर इकडून तिकडे जात राहिली.

अकरा नोव्हेंबरच्या आसपास तिथली मुलं कागदाचे कंदील घेऊन मिरवणूक काढतात. थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपल्या अंगरख्याचा अर्धा भाग देणाऱ्या एका संताची ती आठवण असते. ईराने कोल्हा केला होता, हुस्नाने चंद्र. शाळेपासून निघून मिरवणूक जंगलाच्या कडेकडेने जाऊन परत येणार होती. शाळेने चिठ्ठीत नकाशा दिला होता. नर्गिसने तो पाहिला आणि मला विचारलं, तुम्ही माझ्या बाजूने चालाल का.

आम्ही चाललो. शंभरेक मुलं, प्रत्येकाच्या हातात काठी आणि काठीच्या टोकाला उजेड. समोरून गाणं यायचं, वळणावर हरवायचं, पुन्हा यायचं. डावीकडे काळी झाडं उभी होती. नर्गिसने माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होता. हुस्ना मात्र पुढे पळाली. तिचा चंद्र इतर कंदिलांत मिसळला आणि कुठला तिचा ते कळेनासं झालं. मला वाटलं नर्गिस आता धावेल. ती थांबली आणि तिने हाक मारली, "हुस्ना!" मोठ्याने, स्पष्ट, झाडांपर्यंत जाईल अशी. पुढून लगेच ओ आली. पाच मिनिटांनी तिने पुन्हा हाक मारली. पुन्हा ओ आली. त्या अर्ध्या तासात तिने किती हाका मारल्या असतील कोण जाणे. काही जर्मन आया वळून बघत होत्या. हुस्ना प्रत्येक वेळी उत्तर देत होती, जर्मनमध्ये.

स्टेशन

व्हिसा मिळाल्याचं डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कळलं. दोघांचाही. नर्गिस भर पावसात आमच्या दारात उभी होती आणि तिला तीन भाषांपैकी एकही आठवत नव्हती. तिने फक्त दोन बोटं दाखवली.

माझं परतीचं विमान एकवीस डिसेंबरला होतं. अन्वर आणि मरियम सतराला येणार होते. विमानाने फ्रँकफर्टला, तिथून ट्रेनने. टोबियास गाडी घेऊन विमानतळावर जायला तयार होते, पण त्या दिवशी सकाळी रस्त्यांवर बर्फ गोठला, आणि अन्वरनी कळवलं, आम्ही येऊ, आम्हाला यायचं माहीत आहे. म्हणून दुपारी मी, नर्गिस आणि हुस्ना फलाटावर उभ्या राहिलो. राजश्री कामावरून निघून तिथे पोचणार होती, बर्फामुळे ती पोचली नाही.

गाडीला आधी दहा मिनिटं उशीर होता, मग पंचवीस. बारीक बर्फ पडत होता. पडत होता म्हणण्यापेक्षा हवेत नुसता हिंडत होता. रुळांच्या टोकाला सगळं धूसर होतं. नर्गिस म्हणाली, "मी काय बोलू पहिलं? बावीस महिने मी रोज ठरवलं आणि रोज बदललं." मी म्हणाले, सुचेल. 

गाडी आली. माणसं उतरली, बॅगा, सायकली, सैनिकी कपड्यातले दोन तरुण. मग सगळ्यात शेवटच्या डब्यातून एक उंच, वाकलेला माणूस उतरला आणि त्याच्यामागे आईपेक्षा उंच झालेली एक मुलगी. नर्गिस जागची हलली नाही. त्या दोघांनाच फलाटभर चालत यावं लागलं. मरियम समोर येऊन उभी राहिली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि मग मरियम घाईने काहीतरी बोलली. नर्गिस एक क्षण थक्क झाली आणि तिचा हात धरून जिन्याकडे पळत सुटली.

मी घाबरून अन्वरकडे पाहिलं. त्यांना मोडकीतोडकी उर्दू यायची. "बाथरूम," ते म्हणाले. "फ्रँकफर्टपासून म्हणतेय. गाडीतलं बंद होतं."

अशी आम्ही तिघं फलाटावर राहिलो. हुस्ना बापापासून दुरावली तेव्हा जेमतेम चारची होती. तिने त्यांना फोनवरच पाहिलं होतं, खांद्यापर्यंतच. आता ती त्यांच्या बुटांकडे बघत होती. मग शाळेत शिकवलं होतं तसा तिने उजवा हात पुढे केला आणि म्हणाली, "गुटन टाग." अन्वर बॅग ठेवून खाली उकिडवे बसले. तो छोटा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला आणि छावणीत पाठ केलेल्या जर्मनमध्ये, एकेक शब्द जपून ठेवत, आपलं नाव सांगितलं. तिने तिचं सांगितलं. मी दुसरीकडे बघितलं.

त्या दोघींना यायला बराच वेळ लागला. ज्या भेटीसाठी आम्ही इतके दिवस जीव टांगून होतो, ती कुठल्यातरी बंद दाराआड होऊन गेली आणि आमच्यापैकी कुणी ती पाहिली नाही. जिन्यावर दिसल्या तेव्हा दोघींचे चेहरे पाण्याने धुतलेले होते, आणि मरियमचा रुमाल नर्गिसच्या डोक्यावर आणि नर्गिसचा मरियमच्या, असा काहीतरी अदलाबदल झाला होता. दोघींनाही त्याचा पत्ता नव्हता.

बाहेर आलो. बर्फ जरा वाढला होता. अन्वरनी विचारलं, घर किती लांब आहे. नर्गिसने सांगितलं, चालत पंचवीस मिनिटं, रस्ता चांगला आहे. अन्वरनी मरियमकडे पाहिलं, मरियमने त्यांच्याकडे.

"बस नाही का?" अन्वर म्हणाले. "चालणं पुष्कळ झालं."

बस होती. समोरच उभी होती. आम्ही पाचही जण चढलो. ती चौघं समोरासमोरच्या चार जागांवर बसली, मी पलीकडे एकटी. बस सुटायच्या आत मरियम आईच्या खांद्यावर झोपून गेली होती, आणि नर्गिस उतरायचं ठिकाण येईपर्यंत जराही हलली नाही.